कोपरा कापलेला पासपोर्ट

भाऊबीजेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास मला कळले की, माझ्या पासपोर्टची मुदत संपून दोन महिने होऊन गेले आहेत. ही २०२३ सालची गोष्ट; नोव्हेंबरची १५ तारीख. फराळाचे डबे अजून टेबलावरच होते आणि खाली सोसायटीतली मुले उरलेसुरले फटाके संपवत होती.

त्याच संध्याकाळी न्यू जर्सीहून ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर मला न्हाऊमाखू घालण्यापासून पावकी-निमकी पाठ करून घेण्यापर्यंत सगळे तिनेच केले. १९७१ साली लग्न होऊन ती अमेरिकेला गेली आणि तिथलीच झाली. मेव्हणे जाऊन आता सहा वर्षे झाली. दरवर्षी भाऊबीजेला ती फोन करते, इकडची तिकडची चौकशी करते आणि शेवटी ‘माझी ओवाळणी खात्यात जमा करून ठेव, व्याजासकट घेईन’ असे म्हणून फोन ठेवते. या वेळी तसे काही म्हणाली नाही. तिच्या हृदयाची एक झडप बदलावी लागणार होती आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, मंगळवार, २८ नोव्हेंबर.

‘‘डॉक्टर चांगले आहेत, लेक जवळ आहे, काळजीचं काही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण भूल देतील तेव्हा मराठीत रागावणारं कुणीतरी माणूस जवळ असावं रे. ही रागावते, पण इंग्रजीत.’’

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बहिणीने आयुष्यात प्रथमच काही मागितले होते. मी ताबडतोब येतो म्हणून सांगितले. अर्ध्या तासाने भाचीचा फोन. ‘‘मामा, शनिवारचं, २५ तारखेचं रात्रीचं विमान मिळतंय मुंबईहून. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव.’’

कपाटाच्या चोरखणातून पासपोर्ट काढला तो आमच्या घरातल्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे सौभाग्यवतींनी. चष्मा लावला, पान उघडले आणि म्हणाल्या, ‘‘अहो, यावर सप्टेंबर २०२३ लिहिलंय.’’

मी हसलो. म्हटले, ‘‘फेब्रुवारी २०२४ आहे ते. नीट बघ.’’

‘‘फेब्रुवारी २०२४ व्हिसावर आहे. हा पासपोर्ट.’’

मी वाचकांना सांगतो, माझा गोंधळ वेडगळ असला तरी दुर्मीळ नाही. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा मिळवताना माणसाने इतका ताप सोसलेला असतो, मुलाखत, रांग, बोटांचे ठसे, की तो चिकटवलेला रंगीत कागद म्हणजेच सर्वस्व वाटू लागते. त्याच्यावरची तारीख मनात कोरली जाते. ज्या पुस्तिकेत तो चिकटवलेला असतो तिच्यावरची तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. माझा पासपोर्ट २०१३ सालचा आणि व्हिसा २०१४ चा. दोन्हींची मुदत दहा वर्षांची, मध्ये पाच महिन्यांचे अंतर. त्या पाच महिन्यांच्या फटीत मी नेमका पडलो होतो.

लाज वाटण्याचे कारण वेगळेच होते. मी अडतीस वर्षे बँकेत काढली. आमच्या काळी शाखेत ‘ड्यू डेट डायरी’ नावाची एक जाडजूड वही असे. कोणाची मुदत ठेव कधी पिकते, कोणाचा विमा कधी संपतो, कोणाच्या तारणाच्या कागदांची मुदत कधी भरते, सगळे त्यात तारीखवार टिपलेले. ती वही न पाहता जो अधिकारी दिवसाचे काम सुरू करी त्याची मी शाखाव्यवस्थापक म्हणून गय केली नाही. आणि माझ्या स्वतःच्या आयुष्याची ड्यू डेट डायरी कोरी!

रात्रीच संगणक उघडला. पहिला सापळा तिथेच होता. ‘पासपोर्ट’ असा शब्द टाकून शोधले, तेव्हा पडद्यावर जी संकेतस्थळे आली त्यांतली एकदोन दिसायला अगदी सरकारी, पण खाजगी दलालांची होती. त्यांतल्या एकावर मी निम्मा अर्ज भरला आणि पैसे भरण्याच्या पानावर येऊन थबकलो. रक्कम विचित्र होती. बँकेच्या सवयीने पत्ता पुन्हा वाचला. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. इथे ते नव्हते. अशा बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा असा इशारा परराष्ट्र मंत्रालय वारंवार देत आले आहे. तो मी वाचलाही होता. घाईत माणूस वाचलेले विसरतो, आणि या मंडळींचा धंदा चालतो तो घाईवरच.

तत्काळ हा शब्द आपल्याला रेल्वेने शिकवला. पासपोर्टचे तत्काळ तसेच, पण थोडे अधिक गंभीर. छत्तीस पानी पुस्तिकेचे साधे शुल्क तेव्हा १५०० रुपये आणि तत्काळसाठी वर आणखी २०००. साध्या अर्जात बहुधा आधी पोलीस तपासणी, मग पासपोर्ट. तत्काळमध्ये ती मागाहून झाली तरी चालते. अशा वेळी अर्ज दिल्याचा दिवस सोडून तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पासपोर्ट रवाना व्हावा अशी अपेक्षा असते. २०१८ पर्यंत या योजनेत एक अवघड पायरी होती. एखाद्या वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने ‘मी या गृहस्थांना ओळखतो’ असे लिहून द्यावे लागे. मोठ्या साहेबाच्या ओळखीचा माणूस ज्याच्याजवळ नाही त्याला तत्काळ नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. ती अट त्या वर्षी काढून टाकली गेली आणि ठरावीक कागदपत्रांवर काम भागू लागले. मात्र केंद्रात जाण्यासाठी वेळ मिळाली पाहिजे. तत्काळच्या वेळा खुल्या होतात आणि दोनचार मिनिटांत संपतात. गुरुवारी माझे बोट हलेपर्यंत त्या संपल्या होत्या. शुक्रवारी शेजारच्या कॉलेजकुमाराला बसवले. त्याने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वेळ पकडली. सोमवार, २० नोव्हेंबर, सकाळी सव्वाअकरा.

मी कॅलेंडर काढून मोजले. सोमवार सोडून तिसरा दिवस गुरुवार. टपालाला एक दिवस, शुक्रवार. शनिवारी विमान. एकही दिवस शिल्लक नव्हता. भाचीने तिकीट काढून टाकले होते, परत न मिळणाऱ्या पैशांचे. ‘पासपोर्टचा नंबर नंतर भरू,’ म्हणाली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा यंत्रणेवरचा हा विश्वास मला नेहमी चकित करतो.

शनिवार-रविवार हाती होते. कागद जुळवायला बसलो. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचे फोटो असलेले पासबुक, पेन्शनचे कागद. सगळे टेबलावर ओळीने मांडले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. वडिलांचे नाव दत्तात्रय. हे नाव इंग्रजीत जितके कारकून तितक्या तऱ्हांनी लिहितात. माझ्या जुन्या पासपोर्टवर त्याच्या शेवटी एक ‘ए’ होता, पॅनवर आणि मतदार ओळखपत्रावरही होता, आधारवर नव्हता. मधले नाव म्हणून ते माझ्याही नावात होते. म्हणजे अक्षरशः पाहू गेले तर या टेबलावर दोन निरनिराळी माणसे होती.

नावातला फरक म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते. माझी अर्धी हयात तो फरक पकडण्यात गेली.

१९८८ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाव्यवस्थापक होतो. बँकेतल्या खात्यांना वारस नेमण्याची, नॉमिनेशनची, सोय तेव्हा नवी होती. त्याचे नियम १९८५ साली आलेले. एक बाई काउंटरवर आल्या. नवरा एस. टी.त होता, महिन्यापूर्वी वारला होता. त्याच्या खात्यात अकरा हजार आणि काही रुपये होते. त्याने वारस म्हणून बायकोचेच नाव लिहिले होते, पण लिहिले होते ते तिचे माहेरचे नाव. घरात तो तिला त्याच नावाने हाक मारीत असावा. लग्नात नाव बदललेले. रेशनकार्डावर सासरचे नाव. आपल्याकडे घरोघर असते हे. मला काय ठाऊक नव्हते? माझ्या आईची दोन नावे होती. ताईचीही आहेत.

तरीही मी त्यांना सांगितले, ‘‘बाई, कागदावरचं नाव तुमचं नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा, तहसील कचेरीतून.’’ त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, पोराची फी भरायचीय पॉलिटेक्निकची, शुक्रवारपातुर.’’ हे वाक्य मी ऐकले. ऐकले म्हणजे कानावर पडले. माझा शिपाई त्यांच्याच गल्लीत राहत होता. त्याला बोलावून विचारले असते तरी भागले असते. गावात त्यांना ओळखणारे आमचेच शंभर खातेदार होते. दोघांच्या सह्या घेऊन, माझ्या अधिकारात मी पैसे देऊ शकत होतो. नियम इतका आंधळा नव्हता. मी होतो. नवा होतो, लेखापरीक्षण जवळ आले होते आणि माझ्या बढतीचा अहवाल वर जायचा होता.

बाई आठव्या दिवशी प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या. पैसे मिळाले. त्यांनी सावकाश सही केली, नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि खाते बंद करून गेल्या. मुलाचे ते वर्ष गेले, हे शिपायाने मला नंतर सांगितले. मी काही बोललो नाही. माझ्या फाईलला बोट लावायला जागा नव्हती.

यातली बोचणारी गोष्ट अशी की, त्याच्या आदल्याच वर्षी मी रात्रीच्या कॉलेजातून एलएल.बी. झालो होतो. घटनेच्या पेपरात मनेका गांधी खटल्यावर प्रश्न आला होता आणि मी त्यावर पुरवण्या लावून उत्तर लिहिले होते. तो खटला पासपोर्टचाच. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधींना पत्र आले की, सार्वजनिक हिताच्या कारणावरून तुमचा पासपोर्ट सात दिवसांत जमा करा. कारणे विचारली, तर ती सांगणे सार्वजनिक हिताचे नाही, असे उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २५ जानेवारी १९७८ रोजी निकाल दिला की, माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही. ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ‘दुसरी बाजू ऐका’ हे नैसर्गिक न्यायाचे लॅटिन सूत्रही मी उत्तरात ठळक अक्षरांत लिहिले होते. चांगले गुण मिळाले होते मला.

खरे तर आपल्या पासपोर्टच्या कायद्याचा जन्मच अशा एका भांडणातून झाला. त्याआधी भारतात पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होते. सतवंतसिंग साहनी नावाचे मोटारींच्या सुट्या भागांचे एक व्यापारी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, सरकारला तो नुसत्या मर्जीने अडवता येणार नाही. मग घाईघाईने कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्टचा कायदा झाला. ताई १९७१ साली गेली ती या कायद्याखाली. त्याच्याही पूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या आधी, जगात बहुतेक ठिकाणी प्रवासाला अशी पुस्तिका सक्तीची नव्हतीच. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना जाब विचारला तो समाजाने. त्याला उत्तर म्हणून त्यांना श्रीरामपूरला भाषण करावे लागले. आपल्या जाण्याला परवानगी कोणाची लागते, एवढेच काय ते बदलत गेले आहे. (‘पारपत्र’ हा शब्द वर्तमानपत्रांनी पुष्कळ वर्षे चालवून पाहिला. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी तो बसला नाही. मीही वापरत नाही.)

सोमवारी दहालाच केंद्रावर पोचलो. जाताना गडद निळा सदरा घातला, कारण फोटो तिथेच काढतात आणि मागचा पडदा पांढरा असतो. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस त्यात विरघळतो. बाहेर नेहमीची जत्रा होती. झेरॉक्सवाले, अर्ज भरून देणारे, चहाची गाडी. आत मात्र बँकेसारखे थंड आणि शांत. टोकन मिळाले. आत तीन टप्पे असतात, ए, बी आणि सी. पहिल्या टप्प्यावर खाजगी कंपनीची तरुण मुले कागद संगणकात चढवतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, उरलेले पैसे घेतात. दुसऱ्यावर सरकारी अधिकारी कागद तपासतात. तिसऱ्यावर पासपोर्ट द्यायचा की नाही ते ठरते.

पहिल्या टप्प्यावर माझे अंगठे उमटेनात. त्या मुलाने ओल्या फडक्याने पुसून पाहिले, दाबून पाहिले. ‘‘सर, रेषाच नाहीत तुमच्या.’’ मी म्हटले, ‘‘बाळा, मी सुरुवातीची नऊ वर्षे कॅशियर होतो. नोटा मोजण्यात गेल्या त्या.’’ तो हसला; चौथ्या खेपेला यंत्राने मला मान्य केले. साठ वर्षांवरच्यांना शुल्कात दहा टक्के सूट असते असे मी वाचले होते. विचारले, तर ती पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्यांना. माझ्या वयाच्या बहुतेकांचा पासपोर्ट आधीच निघालेला असतो, पण ते असो.

दुसऱ्या टप्प्यावर एक बाई होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या. बोलण्यावरून वऱ्हाडातल्या वाटल्या. त्यांनी कागद पसरले आणि त्यांचे बोट थेट तिथेच गेले. बोट कसे जाते ते मला माहीत आहे. माझेही असेच जायचे.

‘‘काका, वडिलांच्या नावात फरक आहे. आधारवर एक अक्षर कमी आहे.’’

‘‘हो,’’ मी म्हटले. दोन दिवस मनात जुळवलेली वाक्ये कुठे गेली कोण जाणे.

‘‘प्रवास कधी आहे?’’

‘‘शनिवारी. बहिणीचं ऑपरेशन आहे मंगळवारी. तिकडं.’’

त्या काही बोलल्या नाहीत. पॅन उचलले, मतदार ओळखपत्र उचलले, पासबुक उघडले. पासबुकावर माझा फोटो आणि त्यावर अर्धा येईल असा शाखेचा शिक्का आणि सही. ती सही माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका अधिकाऱ्याची. मी हजारो पासबुकांवर अशा सह्या केल्या, पण दुसऱ्या कोणाच्या सहीमुळे मी मीच आहे हे ठरत असताना समोर बसण्याचा प्रसंग पहिलाच.

‘‘नाव बदलायचंय, की जुन्या पासपोर्टवर आहे तेच ठेवायचंय?’’

‘‘तेच.’’

‘‘मग बाकीचे तिन्ही कागद जुळतात. जुन्या पासपोर्टप्रमाणे करते मी. आल्यावर आधार दुरुस्त करून घ्या, काका, पुढच्या वेळी कोणी अडवेल.’’ त्यांनी शेऱ्याच्या चौकटीत काहीतरी टंकले. सगळे मिळून दीड मिनिट लागले असेल. त्यांनी नियम वाकवला नव्हता. त्यांनी तो पूर्ण वाचला होता आणि मला दोन प्रश्न विचारले होते.

मला त्यांना एस. टी.तल्या माणसाच्या बायकोची गोष्ट सांगावीशी वाटली. मागे बासष्ट नंबरचे टोकन उभे होते. मी उठलो.

खरी धाकधूक पुढच्याला होती. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात, आणि माझा व्हिसा त्या जुन्या पासपोर्टात होता. पासपोर्ट संपला तरी त्यातला अमेरिकेचा व्हिसा आपल्या मुदतीपर्यंत चालतो. मात्र ते पान शाबूत हवे, आणि दोन्ही पुस्तिका जवळ हव्यात. व्हिसावर शिक्का बसला किंवा ते पान फाटले की सगळे मुसळ केरात. तिसऱ्या टप्प्यावरच्या गृहस्थांनी ड्रॉवर उघडून कात्री काढली तसा मी अर्धवट उठूनच उभा राहिलो. ‘‘साहेब, व्हिसा आहे आत!’’

‘‘दिसला,’’ ते न बघता म्हणाले. रद्द असा शिक्का मारला, मुखपृष्ठाचा कोपरा तिरका कापला आणि पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. पिकलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या मी अशाच रद्द करीत आलो. कात्रीचा तो कर्र आवाज इतका मोठा असतो हे पलीकडच्या बाजूला बसून कधी कळले नव्हते. मी पान उघडून पाहिले. व्हिसा जसाच्या तसा होता.

बाहेर पडताना पोचपावती मिळाली. पासपोर्ट मंजूर झाल्याचा संदेश संध्याकाळी फोनवर आला. मंगळवारी काहीच नाही. बुधवारी दुपारी छपाई झाल्याचा आणि रात्री टपालात टाकल्याचा. गुरुवारी मी दिवसभर खिडकीत. स्पीड पोस्टने येणारा पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देतात, शेजाऱ्याकडे ठेवत नाहीत, म्हणून आंघोळीलासुद्धा घाईने जाऊन आलो. गुरुवार तसाच गेला. ताईचा फोन आला, ‘‘बॅग भरली का?’’ मी म्हटले, ‘‘भरली.’’ मेतकूट, भाजणी आणि सांडगे भरून बॅग खरोखरच तयार होती. माझा पत्ता नव्हता एवढेच. यातले तिला आम्ही काहीच सांगितले नव्हते.

शुक्रवारी पावणेबाराला पोस्टमनने खालून हाक मारली. मी अनवाणी जिना उतरलो. त्याने ओळखपत्र मागितले. मी आधार पुढे केले. त्याने ते पाहिले, पाकिटावरचे नाव पाहिले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘काका, एक ‘ए’ कमी आहे तुमचा.’’

मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहिले.

‘‘मस्करी केली हो. वीस वर्षं तुमची पुस्तकं आणून टाकतोय मी. करा इथं सही.’’

रविवारी सकाळी नेवार्कला उतरलो. तिथल्या अधिकाऱ्याने नवा पासपोर्ट पाहिला, जुन्यातला व्हिसा पाहिला, येण्याचे कारण विचारले आणि शिक्का मारला. संध्याकाळी ताईने पाट मांडला. पाट कुठला, जेवणघरातले एक बुटके स्टूल. अकरा दिवस उशिराची भाऊबीज. ओवाळून झाल्यावर मी तिला सगळी हकीकत सांगितली. तिने दोन्ही पासपोर्ट मागून घेतले, कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि नव्यातले शेवटचे पान काढून चष्म्याशी धरले. तिथे आईवडिलांची नावे असतात.

‘‘बाबांना इंग्रजीत सही करताना मी कधी पाहिलंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ते मोडीत करायचे. शेवटी एक शेपूट असायचं लांब. तो ‘ए’ त्याचाच असेल.’’

मग उठून तिने तिचा १९७१ चा पासपोर्ट आणला. शाईने हाताने लिहिलेला, अक्षर मात्र मोत्यासारखे. त्यावर सासरचे नाव आणि जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा जन्म शाळेच्या मास्तरांनी १ जूनला लावून टाकला होता. खरी तिथी आईला माहीत होती, आणि ती आईबरोबर गेली. मंगळवारी पहाटे इस्पितळात दर थोड्या वेळाने नवी परिचारिका येई आणि ताईला नाव आणि जन्मतारीख विचारी, माणूस तोच आहे ना याची खात्री करायला. ताई डोळे मिटून, न चुकता, सासरचे नाव आणि मास्तरांची तारीख सांगे. मनगटावरच्या पट्टीशी ती बरोबर जुळे. तिला आत नेताना तिने माझा हात दाबला. ‘‘काय वेंधळा आहेस,’’ म्हणाली, ‘‘तारीख बघायची ना.’’

चार तास लागले. सर्जन बाहेर आले, भाचीशी बोलले. ती रडली आणि मग हसली, म्हणून मला कळले.

तिसऱ्या दिवशी तिला चालवायला परिचारिका आली. ताईने मान फिरवली. दुखतंय, आज नको, उद्या. भाचीने गोड शब्दांत समजावले. परिचारिकेने समजावले. मी खुर्चीवरून उठलो आणि आवाज चढवला. ‘‘ऊठ म्हणतो ना! साठ वर्षांपूर्वी मला तापात उठवून निमकी म्हणून घेतलीस ती विसरलीस?’’ परिचारिका दचकून मागे सरली. ताईने माझ्याकडे रागाने पाहिले, पायांनी चपला चाचपल्या आणि उठून उभी राहिली.